लाटण्याची गाडी

पंखा हळू व्हावा म्हणून श्रेयसने रेग्युलेटर पाचवरून एकवर आणला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उडून थेट आमटीत पडलं.

"ताई, तुमचा पंखा बिघडलाय," आमटीतून अग्रलेख बाहेर काढत तो म्हणाला.

"बिघडला होता. आता ह्यांनी दुरुस्त केलाय," वैदेही स्वयंपाकघरातून म्हणाली.

ह्यांनी म्हणजे आमोद परचुरेने. तो महाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा, पण त्याचा जीव वायरींमध्ये. त्याने दुरुस्त केलेली वस्तू चालायची, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. फक्त ती स्वतःच्या मर्जीने चालायची. मिक्सर एकवर गरजायचा आणि तीनवर कुरकुरायचा. गीझरच्या लाल नळाला गार पाणी यायचं. वैदेहीचा भाऊ श्रेयस याचं पोलादपूरला टीव्ही-रेडिओचं दुकान होतं, त्यामुळे त्याला भाऊजींच्या या कलेबद्दल काडीचाही आदर नव्हता.

आज तो मुद्दाम नवा पराक्रम बघायला आला होता. कोपऱ्यात जाळीचं फडताळ उभं होतं. त्याची जाळी काढून आत जुना टीव्ही बसवला होता आणि खालच्या फळीतून अर्धं कापलेलं लाटणं वर आलं होतं.

"ताई, हे आईचं फडताळ ना?"

"होतं," वैदेही म्हणाली.

एक मेला कॉलनीचा आनंदमेळावा होता. मुंबईच्या पार्लरमध्ये उभ्याने खेळायची व्हिडिओ गेमची उंच मशिनं असतात, तसं एक आपणही करावं, तेही फुटकळ खर्चात, हे आमोदच्या मनाने घेतलं होतं. श्रेयसच्याच दुकानातून त्याने झाकण तडकलेला टीव्ही गेम आणला, त्याचे कंट्रोलर उघडले, आतल्या पट्टीला वायरी डागल्या आणि त्या दारावरच्या घंटीच्या बटणांना जोडल्या. एक बटण गाडी पळवायला, एक ब्रेकला. गाडी वळवायला दांडा हवा होता, तो विकत परवडेना; म्हणून लाटणं. ते फळीच्या भोकात सायकलच्या ट्यूबच्या रबराने ताणून उभं केलं होतं. लाटणं कलंडलं की फळीखालचं त्याचं टोक शेजारच्या बटणावर आपटायचं आणि पडद्यावरची गाडी वळायची.

"एका खेळासाठी चांगला कंट्रोलर फोडलात, भाऊजी?"

"दोन फोडले. पहिला जळला," आमोद प्रामाणिकपणे म्हणाला.

वैदेही पदराला हात पुसत बाहेर आली. "आईचं फडताळ दिलं, लाटणं दिलं. आता श्रेयससमोरच सांगते. मेळाव्यात हे चाललं नाही, तर तुमच्या हत्यारांची पेटी ह्याच्या दुकानात जाईल. कायमची."

श्रेयस खूश झाला. "चाललं म्हणजे काय ते आत्ताच ठरवू. कोणीतरी एकाने खेळातला पहिला घाट नीट उतरून दाखवायचा. उतरला, तर पेटी मी स्वतः डोक्यावर घेऊन घरी पोचवीन."

आमोदने पेटीकडे पाहिलं. तिच्यात पक्कड होती, टेस्टर होता, नववीत असताना घेतलेली सोल्डरिंग गन होती. पेटी गेली तर रविवारी माणसाने करायचं काय, हेच त्याला सुचेना. तो हबकला, पण हो म्हणाला.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटची वायर जोडून झाली. पोरं दणादण बटणं दाबणार, जोड सुटायला नकोत, म्हणून त्याने फळीखालचं सगळं एम-सीलने लिंपून टाकलं. आता खेळून बघायचं, तेवढ्यात लाईट गेली. ती आली मेळाव्याच्या सकाळी.

फडताळ मैदानावर आणलं गोमाजीने, आपल्या ट्रकमधून. गोमाजी मूळचा कुडपणचा. पहिला मान त्याचाच होता.

"सर, आंबेनळीतनं रोज गाडी काढतो मी. ह्यो तुमचा घाट काय घेऊन बसलाव!" असं म्हणून त्याने लाटणं डावीकडे ढकललं. गाडी उजवीकडे गेली आणि दरीत कोसळली.

"आरं! मी डावीकडं घेतली, ही तिकडं कशी ग्येली?"

दुसऱ्या खेपेला त्याने ब्रेक दाबला. गाडी सुसाट सुटली आणि पुन्हा दरीत.

"गोमाजी, उद्यापासून तुझ्या गाडीत आमी नाय बसणार!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

श्रेयसने बॅटरी घेऊन फळीखाली डोकं घातलं आणि हसत हसत तिथेच बसकण मारली. "भाऊजी, लाटण्याचं वरचं टोक डावीकडे गेलं की खालचं उजवीकडे जातं हो! आणि ही दोन बटणं मागच्या बाजूने जोडलीत, तीही उलटसुलट!"

"आत्ता बदलतो," म्हणून आमोदने स्क्रू ड्रायव्हर लावला. स्क्रू ड्रायव्हर वाकला. एम-सील हललं नाही.

मग जो आला तो दरीत गेला. मुख्याध्यापक गेले, त्यांच्या मागोमाग अख्खी सातवी गेली. गोमाजीने हातांची अदलाबदल करून पाहिली, तरी गेला. शेवटी आमोद स्वतः उभा राहिला आणि पहिल्याच वळणावर खाली. मैदान हसून लोळत होतं. श्रेयसने तर पेटी उचलून काखेत मारलीसुद्धा. आमोदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हशा वैदेहीच्या थालीपिठांच्या स्टॉलपर्यंत पोचला. नवऱ्याला ती स्वतः उठता-बसता हसायची, पण तो घरचा मामला होता. गावाने हसावं, हे तिला मुळीच खपलं नाही. तवा तसाच ठेवून ती तरातरा आली.

"बाजूला व्हा सगळे."

पिठाच्या हातानेच तिने लाटणं धरलं. गाडी सुटली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गोमाजी प्रत्येक वळणाला तिच्याबरोबर कलत होता.

"वहिनी, म्होरं उतार हाय! ब्रेक मारा, ब्रेक!"

तिने ब्रेक मारला. गाडी अलगद थांबली, तिने समोरचा ट्रक जाऊ दिला आणि डुलत डुलत पायथ्याला पोचली. टीव्हीतून पिपाणी वाजली. आमोद इतक्या जोरात ओरडला की स्टेजवरचा निवेदक दचकून गप्प झाला.

"एवढा आरडाओरडा कशाला? सोपं तर आहे," वैदेही म्हणाली.

"अगं ताई, पण सगळं उलटं आहे ना!" श्रेयस रडवेला झाला.

"उलटं?" तिने लाटण्याकडे नीट निरखून पाहिलं. "कुठे उलटं आहे?"

आमोदला तेव्हा सगळं उमगलं. आपल्या पंख्यांनी, नळांनी आणि मिक्सरने इतक्या वर्षांत बायकोला केवढं तयार केलं होतं! त्याचा ऊर भरून आला. त्यानंतर फडताळापुढे जी रांग लागली ती दिवेलागणीपर्यंत हटली नाही. गोमाजी तर दर थोड्या वेळाने थालीपिठांच्या स्टॉलवर जाऊन विचारत होता, "वहिनी, त्या तिसऱ्या वळणाला कसं घ्यावं, तेवढं सांगा."

संध्याकाळी श्रेयसने पेटी डोक्यावरून अख्ख्या कॉलनीतून मिरवत आणली. मागे पोरं पिपाण्या वाजवत होती. घामाघूम होऊन तो खुर्चीत कोसळला आणि हात लांब करून त्याने रेग्युलेटर पार पाचवर नेला. पंखा कसाबसा फिरू लागला.

"ताई, वारा नाही गं!"

"पाचवर कसा येईल? एकवर कर ना," वैदेही म्हणाली. मग तिने पेटी उचलून आमोदच्या मांडीवर ठेवली. "अहो, उद्या सुट्टीच आहे. पोलादपूरला जाऊन ह्याच्या दुकानातला पंखा तेवढा दुरुस्त करून या. मागे गेले होते, तर एकवर ठेवला तरी बिचाऱ्याकडे वारा म्हणून नव्हता."