दुसऱ्या रांगेचा वाटा

बाळांनो, डोळे मिटा आणि एक बादली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात काळपट पाणी आणि त्या पाण्यात न दिसणारे कोट्यवधी जिवाणू. ते रोपाच्या मुळांवर गाठी करून राहतात, हवेतलं खत रोपाला भरवतात आणि बदल्यात चिमूटभर साखर घेतात. इतके गुणी भाडेकरू मी जन्मात पाहिले नाहीत.

तेव्हा मी रोपवाटिकेत कामाला होतो. घर आवारातच. साहेबांना मी छाती ठोकून सांगितलं, "शिरीषाच्या दोन रांगा लावतो. पहिलीची मुळं जिवाणूंच्या पाण्यात बुडवून, दुसरीची साध्या. तीन महिन्यांत पहिली दुसरीच्या डोक्यावरून बघेल."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर पुन्हा प्रयोगाचं नाव काढणार नाही."

"मग ती प्रयोगाची खोलीही रिकामी करा. मला पोती ठेवायला जागा हवीच आहे."

सकाळी बादलीत जिवाणूंचं पाणी कालवलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि खड्डे खणायला गेलो. दुपारी येऊन बघतो तर बादली काठोकाठ! म्हटलं, जिवाणू वाढले.

तीन महिन्यांनी साहेब आले. दुसरी रांग पहिलीपेक्षा हातभर उंच.

"डोक्यावरून बघतेय खरी," साहेब म्हणाले, "पण उलटी."

मी दुसऱ्या रांगेतलं एक रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी. पहिल्या रांगेतलं उपटलं. मुळं कोरी.

माझी थोरली बहीण घराच्या दारातच उभी होती. "चिठ्ठीवर 'जिवाणू' लिहिलेलं. घरात लहान मूल. दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं मी. आभार मान."

"पण मग दुसऱ्या रांगेत ते आले कुठून?"

"आत्यानं ओतायच्या आधीच मी बादलीतलं डबाभर काढून ठेवलं होतं," माझी सात वर्षांची लेक मुंगी म्हणाली. "रोपं लावून झाल्यावर घातलं त्यांना. बाबा, तुम्ही त्यांना काहीच देणार नव्हतात. जेवताना तर म्हणता, सगळ्यांना सारखं वाढायचं."

साहेब रुमालात तोंड घालून हसले. "खोली राहू द्या. पण प्रयोग हिच्या नावावर लिहा."

आज दोन्ही रांगा छपराच्या वर गेल्यात. पहिली कुठली, ते मलाही ओळखता येत नाही. कारण त्या दिवशी मी कान खाजवत उभा होतो, तेव्हा मुंगीनं उंच रोपांच्या बुंध्याची माती फ्रॉकच्या ओच्यात भरली आणि मूठमूठ पहिल्या रांगेला वाढायला घेतली. मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, तू किटली घेऊन लांब उभी राहा."