चाळीस पोती थंडी

त्या वर्षी जालन्यात थंडी पडली नाही, म्हणून आमच्या कंपनीने निफाडहून चाळीस पोती थंडी मागवली.

थंडी माझ्या वडिलांची होती. हे आधीच सांगते, कारण नंतर काहींनी असा समज करून घेतला की मी माहेरचा माल सासरच्या गावात खपवला. तसं झालं नाही. सगळं रीतसर झालं.

आमची कंपनी भाजीपाल्याची नवी वाणं तयार करते. हिवाळ्यात तीन नंबरच्या पॉलीहाऊसमध्ये फ्लॉवरची चाचणी असते: एकोणीस वाणं, एकोणीस ओळी. मी नोंदी ठेवते. पानं मोजायची, उंची मोजायची, वहीत लिहायचं. फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम आवडतं. फ्लॉवरला गड्डा धरायचा तर पारा दहाच्या खाली यावा लागतो. डिसेंबर उजाडला तरी तो अठराच्या खाली यायला तयार नव्हता. झाडं गुडघ्याच्या वर गेली होती आणि त्यांना नुसती पानं होती.

पॉलीहाऊसमध्ये चौदा बायका हंगामी कामाला होत्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा त्यांचा हंगाम. त्यांची मुकादम गयाबाई. गड्डे काढायचे, मोजायचे, तोलायचे, हे त्यांचं मुख्य काम. गड्डेच नसतील तर मोजणार काय, हा प्रश्न कंपनीला पडला आणि चाचणीचे प्रमुख डॉ. दाभाडकर यांनी एक पत्र टाइप करून टेबलाच्या खणात ठेवलं. एकतीस डिसेंबरपर्यंत गड्डा न धरल्यास हंगामी काम त्याच दिवशी बंद होईल, असं त्यात होतं.

"इथून सुटलो की पांगलोच," पत्राचं कानावर आल्यावर गयाबाई मला म्हणाली. "कुणी उसाला, कुणी पुण्याला बांधकामावर. परत चौदाच्या चौदा एका जागी येणं काही खरं नाही, माय."

खरेदीसाठी बैठक झाली. तीन पुरवठादारांची नावं असल्याशिवाय आमच्याकडे सुतळीसुद्धा येत नाही. महाबळेश्वरची थंडी पर्यटकांसाठी राखीव होती. नागपूरची फार कोरडी, वाटेत तडकते. तिसरं नाव कुणाकडे नव्हतं.

"आमच्याकडे आहे," मी म्हणाले.

सात महिन्यांत बैठकीत बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. डॉक्टरांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठे?"

"आप्पांच्या द्राक्षबागेत. निफाडजवळ."

फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मधे ठेवला. आप्पा म्हणाले, "किती न्यायची? सगळी न्या ना! रोज पहाटे बागेत शेकोट्या पेटवून माझे डोळे गेले. मणी तडकायला लागलेत."

"चाळीस पोती पुरतील," डॉक्टर म्हणाले.

"बारदान तुमचं आणा. तागाचं नको, गळतं. खताच्या गोण्या आणा, आतून प्लास्टिक असलेल्या." मग आवाज खाली आणून आप्पांनी विचारलं, "आमची शरू बोलली मीटिंगमध्ये? काय सांगता!"

तीन दिवसांनी टेम्पो आला. ड्रायव्हरने अंगात दोन स्वेटर घातले होते आणि तो खाली उतरायला तयार नव्हता. गेटवर माल उतरवून घ्यायचं काम स्टोअरचं, आणि स्टोअर हेमराजकडे. हेमराज माझा नवरा. आमचं लग्न मे महिन्यात झालं. कंपनीत तो मला मॅडम म्हणतो.

"मॅडम, एकक काय लिहू? किलो की लिटर?"

"नग."

"माल परतीचा आहे का?"

"नाही. इथेच संपेल."

त्याने एका पोत्यावर तळहात ठेवला आणि झटकन काढला. इकडेतिकडे पाहून घरच्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे एवढी असते?"

"ही हलकी आहे," मी म्हणाले. "जानेवारीत ये."

कुठलाही माल शुद्धता तपासल्याशिवाय पॉलीहाऊसमध्ये जात नाही. प्रयोगशाळेच्या पैठणकर मॅडम आल्या. त्यांनी दर दहा पोत्यांमागे एकात टोकदार नळी खुपसून नमुना काढला, पांढऱ्या कागदावर पसरला आणि चिमट्याने निवडला. दुपारी अहवाल आला. थंडी एक्क्याण्णव टक्के. धूर चार टक्के. कोंबड्याचं आरवणं दोन टक्के. सुरू न होणाऱ्या मोटरसायकलच्या किका एक टक्का. उरलेले दोन टक्के 'अहो, चहा झाला!' हे वाक्य होतं.

"हे काय आहे?" पैठणकर मॅडमनी चिमटा वर धरून विचारलं.

"आई आहे," मी म्हणाले. "पहाटे आप्पांना उठवते."

"पोती भरत असताना?"

"पोती भरायला आप्पांनीच उठायचं होतं."

त्यांनी मान डोलावली. हे कारण त्यांना पटलं होतं, पण मर्यादा दोन टक्क्यांची होती आणि इतर पदार्थ नऊ टक्के निघाले होते. त्यांनी चाळीसही पोत्यांवर 'नामंजूर'चा शिक्का मारला.

पोती गेटजवळ उन्हात होती. तासाभरात एक पोतं अर्ध्यावर आलं. गयाबाई येऊन बघून गेली आणि परत आली ती चौदा सुपं घेऊनच.

"साहेब, पाखडून देतो."

"थंडी पाखडता येते?" डॉ. दाभाडकरांनी विचारलं.

"धूर हलका का थंडी हलकी?"

"धूर."

"मग? हलकं ते उडतं."

डॉक्टरांना यात चूक काढता आली नाही. पॅकिंगच्या शेडची दारं लावली, बायकांनी कानाला रुमाल बांधले आणि दोन दिवस थंडी पाखडली. हात गारठले की त्या एकमेकींच्या पाठीला लावायच्या, मग किंकाळ्या आणि हसणं. पाखडताना निघालेलं सगळं चार पत्र्याच्या डब्यांत वेगवेगळं जमा होत होतं.

"शरयूताई, तुझी माय लागली बघ माझ्या सुपात," गयाबाई ओरडली. "चार-चारदा हाक मारतीय गं! तुझा बाप उठत न्हाई का काय?"

"चौथ्या हाकेला उठतात," मी म्हणाले.

"आमचा तर पाचवीला बी उठत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि शेडमध्ये काम पाच मिनिटं थांबलं.

थंडी साडेअठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध झाली. मंजुरी मिळाली. आम्ही पॉलीहाऊसमध्ये पोत्यांची तोंडं सोडली आणि पारा आठावर आला. चार डबे हेमराजने नाकारलेला माल म्हणून फळीवर ठेवले. ते नष्ट करायला तीन सह्यांचा फॉर्म लागतो, आणि तिसरी सही रजेवर होती.

आम्ही अठरा दिवस वाट पाहिली. मी रोज सकाळी स्वेटर घालून एकोणीस ओळी मोजत होते. पानं होती. गड्डा एकही नव्हता. डॉक्टर तापमान बघायचे, पान उलटून बघायचे, आणि निघून जायचे.

सव्वीस तारखेला गयाबाई ओळींमधून एक चक्कर मारून आली. "साहेब, हे उठलेच नाहीत."

"कशावरून?"

"पानं कशी अंगावर ओढून घेतलीत बघा की. एवढ्या गारठ्यात कुणी आपण होऊन उठतंय व्हय? उठवावं लागतंय."

डॉ. दाभाडकर शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही, चाचणी लावली. चार ओळी घेतल्या आणि एकेका ओळीत एकेक डबा उघडला. पहिल्या ओळीत धूर सोडला. मला शिंका आल्या, फ्लॉवरला काही झालं नाही. दुसऱ्या ओळीत कोंबडा आरवला. पानं थोडी हलली आणि पुन्हा निजली. तिसऱ्या ओळीत मोटरसायकलच्या किका सोडल्या, तेव्हा हेमराज कुणाची गाडी अडली म्हणून धावत आला. चौथ्या ओळीत आईचा डबा उघडला.

पहिल्या हाकेला काही झालं नाही. दुसरीला एक पान फडफडलं. तिसरीला सगळी ओळ एकदम कुशीवर वळल्यासारखी झाली. आमच्याकडे तिसऱ्या हाकेला असंच होतं. चौथी हाक आली, आणि त्या ओळीतल्या तेवीसच्या तेवीस झाडांनी पानं बाजूला सारून पांढरेशुभ्र गड्डे बाहेर काढले. डॉक्टरांनी एक मोजला. अकरा सेंटिमीटर.

बायकांनी सुपं वाजवली. डॉक्टरसुद्धा हसले. पण डबा रिकामा झाला होता आणि अठरा ओळी अजून झोपलेल्या होत्या.

मी आईला फोन केला. दहा पोती नुसत्या हाका पाठव म्हटलं.

"कुठून पाठवू?" आई म्हणाली. "तुम्ही थंडी नेलीत तेव्हापासून हे आपण होऊन उठतात. पाचला. स्वतः चहा करतात आणि मला उठवतात. मला तर आता हाक मारायचं कारणच उरलं नाही बाई. तुझ्या कंपनीला माझा नमस्कार सांग."

"मग नुसतीच मार ना एक हाक. खोटी."

"समोर झोपलेलं कुणी नसताना? जमेल का तुला तरी?"

एकतीस तारखेला सकाळी डॉक्टर खणातलं पत्र खिशात घालून पॉलीहाऊसमध्ये आले. खिशातून त्याचं टोक दिसत होतं. बायका आपापली सुपं पुसून एकात एक ठेवत होत्या. गयाबाईने रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हिच्या मायचा आवाज हिच्यात असंल की."

"हिचा आवाज?" एक जण म्हणाली. "दोन महिन्यांत मी ऐकला न्हाई अजून."

डॉ. दाभाडकर पैठणकर मॅडमकडे वळले. मॅडम म्हणाल्या, "मादी वाणाचा गुण पुढच्या पिढीत उतरतो. हे कागदोपत्री मान्य आहे."

"उतरतो," डॉक्टर म्हणाले, "पण दिसेलच असं नाही."

"पेरून बघायला काय हरकत आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी लग्न झाल्यापासून कुणालाही हाक मारली नव्हती. हेमराजशी काही काम असलं की मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. तो वर बघेपर्यंत थांबते. आमचं असं चांगलं चाललं होतं. पण इथे समोर अठरा ओळी पांघरूण घेऊन पडल्या होत्या आणि मागे चौदा बायका उभ्या होत्या.

"अहो, चहा झाला," मी म्हणाले.

"बोलली का?" मागच्या बाईने विचारलं.

दुसऱ्यांदा म्हणाले, तर माझ्या बांगड्याच जास्त वाजल्या.

तिसऱ्यांदा जरा बरं झालं. पहिल्या दोन ओळींनी कूस बदलली.

"ताई," गयाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झाडाला नगं मारू. ज्याला मारायची त्याला मार."

मी डोळे मिटले. पोटात कुठेतरी आई होती, पहाटेची, हातात पातेलं घेतलेली, सगळ्या घरावर वैतागलेली. तिला मी पुढे केलं.

"अहो! चहा झाला! उठायचं की नाही?"

शेवटचे शब्द आईचे नव्हते, ते माझे मीच घातले. आवाज पॉलीहाऊसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, प्लास्टिक थरथरलं, आणि ओळीमागून ओळ पानं उघडत गेली. जिकडे पाहावं तिकडे पांढरं. बायका ओरडत होत्या, मला दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. पैठणकर मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला.

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि हातात पावतीपुस्तक घेऊन हेमराज धापा टाकत आत आला. स्टोअर तिथून दोनशे मीटरवर आहे.

"आलो, आलो!" तो म्हणाला. "कुठंय?"

डॉ. दाभाडकरांनी खिशातलं पत्र आणखी आत सारलं. "गयाबाई, एवढे मोजायला चौदा जणी पुरतील?"

"पुरतील," गयाबाई म्हणाली. "पर फेब्रुवारी उजाडंल."

"उजाडू दे."

अडचण एकच राहिली. हाकेत चहा झाला असं म्हटलेलं होतं आणि चहा झालेला नव्हता. चाचणीत खोटी नोंद चालत नाही. डॉक्टरांनी हे लक्षात आणून दिल्यावर हेमराज कँटीनमध्ये गेला आणि त्याने अठरा कप चहा केला. आलं जरा जास्त पडलं होतं. कुणी तक्रार केली नाही.

मग मी वही उघडली आणि त्या दिवसाची नोंद पूर्ण केली. हाका: चार. प्रतिसाद: गड्डे चारशे बारा, नवरा एक.