बाळंतपणाची रंगीत तालीम

त्या घरात सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा नवऱ्याने समिती नेमली.

नवरा एका कार्यालयात आवक-जावक विभागाचा वरिष्ठ लिपिक होता आणि घरात मूल येणे ही आवकच आहे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. समितीचा अध्यक्ष तो स्वतः. सासूबाई ज्येष्ठ सल्लागार, कारण त्यांना दोन बाळंतपणांचा अनुभव होता; त्यांपैकी एक म्हणजे अध्यक्ष आणि दुसरे म्हणजे तांत्रिक सदस्य, अर्थात धाकटा दीर. दिराने या विषयावरचे चारशे व्हिडिओ पाहिले होते. खुद्द गर्भवतीला समितीत घेतले नव्हते. ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्याने निर्णयप्रक्रियेत असू नये, असा दंडक होता. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती, म्हणून सभांची इतिवृत्ते शुद्धलेखन तपासायला तेवढी तिच्याकडे येत.

अशाच एका इतिवृत्तातून तिला समजले, की तिची झोपायची खोली बाळाला देण्यात आली आहे.

"अहो, मग मी कुठे झोपायचं?"

"होईल काहीतरी तात्पुरती सोय. तू 'निर्जंतुकीकरण' बरोबर लिहिलंय का, तेवढं बघ."

"चुकलंय. 'नि' ऱ्हस्व हवा."

खोलीत पाळणा आला. बाटल्या उकळायचे यंत्र आले, हवेतला दमटपणा मोजायचे यंत्र आले आणि ते बरोबर मोजते की नाही हे पाहायला दुसरे आले. दोन कॅमेरे बसले आणि रिकाम्या पाळण्यावर अहोरात्र नजर ठेवू लागले. जंतू जाऊ नयेत म्हणून खोलीला कुलूप लागले. तिची घडीची खाट बोळकंडीत, चपलांचे कपाट आणि कपडे धुण्याचे यंत्र यांच्यामध्ये पडली. यंत्र फिरू लागले की खाटही थरथरायची.

"आई, पाठ फार दुखते हो," ती एकदा म्हणाली.

"आमच्या वेळी पाठ दुखायची पद्धतच नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, दुखणं मनात असतं. व्हिडिओ पाठवतो," दीर म्हणाला.

मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने पुढील सभेत घ्यावा, असे ठरले.

नववा महिना लागल्यावर समितीने रंगीत तालीम घ्यायचे ठरवले. दुपारी तीन वाजता कळा सुरू झाल्या आहेत असे समजून घरातून निघायचे आणि थेट इस्पितळात दाखल व्हायचे. गर्भवतीला दगदग होऊ नये म्हणून तिची भूमिका दिराकडे दिली गेली. त्याने पोटाला उशी बांधली, वरून वहिनीचा गाउन चढवला आणि तो इतक्या मनापासून कण्हला, की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "सावकाश रे बाळा," म्हणत त्यांनी त्याला जिन्यावरून हाताला धरून उतरवले.

नेमक्या त्याच वेळी तिला दाराशी पहिली कळ आली.

"अहो! मला खरंच कळा यायला लागल्यात!"

"आत्ता मध्ये बोलू नकोस, वेळ मोजतोय," नवरा खालून ओरडला.

"तू आराम कर गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

टॅक्सी निघून गेली. बरोबर तिची इस्पितळाची फाइलही गेली.

खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई अर्धी कॉलर सुईखाली तशीच टाकून धावत वर आली. तिने रस्त्यात आडवा हात करून फर्निचरचा टेम्पो थांबवला आणि एका सोफ्यावर बसवून तिला इस्पितळात नेले.

नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाने नाव विचारले, वहीत पाहिले आणि मान हलवली.

"या बाई दहा मिनिटांपूर्वीच दाखल झाल्यात. कॉट नंबर अकरा."

"अहो, ती बाई मी आहे!"

"एका नावाने एकच बाई बाळंत होऊ शकते."

"मग ते नाव खोडा ना!"

"डिस्चार्ज मिळाल्याशिवाय खोडता येत नाही. आणि बाळंत झाल्याशिवाय डिस्चार्ज मिळत नाही." कारकुनाचा स्वर सहानुभूतीचा होता. "त्या मोकळ्या झाल्या की लगेच तुमचं बघू."

"त्या बाईला मिशी आहे, ती दिसली नाही तुम्हाला?" शिवणवाली कडाडली.

"फॉर्ममध्ये मिशीचा रकाना नाही."

एवढ्यात फेरीवर निघालेल्या नर्सने अकरा नंबरच्या पोटावर हात ठेवला. पुढच्याच क्षणी एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात दिराचे मनगट घेऊन ती तरातरा बाहेर आली. मागोमाग सासूबाई आणि घड्याळ हातात धरलेला नवरा. बायकोला पाहून तो चपापला.

"अगं, तू इथे कशी? तालमीत तुझं काम नव्हतं."

"चालू द्या तुमची तालीम," ती भिंतीला धरून म्हणाली. "तोवर मी बाळंत होऊन येते."

नर्सने तिला आत घेतले आणि दार लावले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दार उघडले. तिघेही एकदम उठले.

"काय झालं?"

"दोघंही ठीक आहेत. बाई फार दमल्यात. घोटभर पाणी घेतलं आणि—"

"हो हो, पण काय झालं?"

मग नवऱ्याचा फोन वाजू लागला. मावशी, साडू, कार्यालयातले साहेब, छापखान्याचे मालक, सगळ्यांनी अगदी आपुलकीने चौकशी केली, आणि सगळ्यांची चौकशी त्याच दोन शब्दांची होती. फोन न करता त्या दाराशी उभी राहिली ती फक्त शिवणवाली. तिने विचारले, "ती कशी आहे?" आणि तिला आत सोडण्यात आले.

काय झाले, याची नोंद इस्पितळात आहे. आई कशी आहे, हे आधी विचारणाऱ्याला ती नोंद ताबडतोब दाखवली जाईल. शिवणवालीनंतर अद्याप तशी एकही विचारणा आलेली नाही. आपण इथवर वाचत आलात, पण आपलीही नाही.