ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं

मिक्सरच्या भांड्यात चमचा घालायच्या आधी भिंतीवरच्या बटनाला कुलूप लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या वडवणीत आहे एक. नारायणआप्पा. खोटं वाटत असेल तर त्यांच्या बायकोला, कमलकाकूंना विचारा. "चटणी वाटायची म्हनलं तरी मला ह्यांची परवानगी लागती," असं त्या जाता-येता सांगत असतात.

आप्पा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर. तरुणपणी एकदा बंद मशीनमध्ये हात घालून बसले होते, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी बटन दाबलं. दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांच्या आयुष्यात लाल कुलपं आली. मशीन उघडायचं तर आधी मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप, वर आपल्या नावाची पाटी आणि चावी करदोट्याला. एवढं करूनही ते एकदा चालू करून बघणार. "बंद केलं म्हंजी बंद झालं, असं धरून चालायचं न्हाई." आणि काम संपल्यावर आरोळी, "हात भाईर?" हजर असलेल्या प्रत्येकानं "भाईर!" म्हटल्याशिवाय स्विच वर जात नाही.

माझी बाजारगल्लीत पिठाची गिरणी आहे. मागं पट्टा बदलायला आप्पांना बोलावलं. काम झक्कास केलं, चहा प्याले, आणि कुलूप तसंच ठेवून लग्नाला म्हणून केजच्या जीपमध्ये बसले! बाजाराचा दिवस, दारात डब्यांची ही रांग. माझं डोकं फिरलं. फोन लावला.

"आप्पा, दुसरी चावी कुठंय?"

"दुसरी चावी असली की त्याला कुलूप म्हनत न्हाईत, सुमन."

"मग मी तोडते!"

"खबरदार! ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं."

आणि हा माणूस लग्न सोडून, मिळेल त्या गाडीनं परत आला. कुलूप काढलं आणि रांगेकडं बघून ओरडला, "हात भाईर?" सगळं गिऱ्हाईक ओरडलं, "भाईर!" एक म्हातारी तेवढी गप्प, तिला ऐकू कमी. तिला हलवून, हातवारे करून "भाईर" म्हणायला लावलं, तेव्हा कुठं माझी गिरणी फिरली. बाई, हसावं का रडावं!

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. तीही बापाच्याच वळणावर गेली, आयटीआय करून फिटर झाली. पास झाली तेव्हा आप्पांनी तिला तिच्या नावाचं लाल कुलूप आणून दिलं. "सोनं कावून न्हाई घेतलं पोरीला?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सोन्यानं बोटं वाचत्यात व्हय?" बाप-लेक मिळून गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत, तेव्हा आप्पांचा रुबाब बघण्यासारखा असायचा.

मग तिला चाकणला कंपनीत नोकरी लागली. आप्पांना ती इथंच, आपल्याबरोबर मिलमध्ये हवी होती. त्या दिवशी वैशाली घरचा कूलर उघडून बसली होती, स्विचला तिचं कुलूप होतं. बोलता बोलता भांडण पेटलं आणि आप्पा बोलून गेले, "गेलीस तर परत येऊ नगंस!" पोरगी उठली, हात धुतले आणि बॅग घेऊन निघाली. चावी तिच्याबरोबरच गेली.

त्याला वर्षं झाली, ती आलीच नाही. काकूंना फोन करते, आप्पांशी बोलत नाही. कूलर उघडाच पडलाय, कुलूप तसंच आहे, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर कुणाला सांगायला नको. आप्पा बनियन घालून पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात. कुलूप तोडा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "माजं हाय का ते?"

परवा चाकणहून आलेल्या एका ओळखीच्याबरोबर वैशालीनं चावी धाडली. मी तिथंच होते. काकू म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची! काढा आता." आप्पांनी चावी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि देवघरात नेऊन ठेवली.

"अहो, आता काय राहिलं?" मी विचारलं.

"चावी आली. कुलूपवाली कुठं आली?"

त्यांचा चेहरा बघून मला राहवेना. मी सरळ वैशालीला फोन लावला आणि आप्पांच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "मावशी, कूलर लागला का?"

अख्ख्या मिलला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकणारा माणूस, पण फोन दोन्ही हातांनी कानाला धरून बसला. काकूंनी पुठ्ठा खाली ठेवला.

"वैशे," आप्पा शेवटी म्हणाले, "म्या त्या दिशी बोललो, ते चुकलं. तुजं कुलूप हाय, बाई. तूच काढायला ये. लई उकडतंय."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज. मग, "येते, आप्पा."

फोन माझ्या हातात देऊन आप्पा उठले आणि फळीवरची तेलाची बुधली घेऊन कुलपाजवळ गेले. इतकी वर्षं लोटली, पण कुलपावर गंजाचा ठिपका नव्हता. मी बघतच राहिले. त्यांनी थेंबभर तेल सोडलं, बनियननं कुलूप पुसलं.

"कावून वो, आता तर ती येतीय," काकू म्हणाल्या.

"म्हून तर," आप्पा म्हणाले. "आल्यावर तिला जड जाया नगं."