सहावा गडी दगड

एका जंगलात एक डोह होता आणि दोन शहाणे होते. डोह दोन आणि शहाणा एक असता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

बाळांनो, ते मोबाइल जरा खाली ठेवा. माहीत आहे मला, राक्षसांच्या झुंजीत तुमचा गडी मार खातोय. खाऊ दे. तुम्ही त्या खेळात सहा राक्षस निवडता ना? हल्ला करणारे किती, मार सोसणारे किती, म्हणून जेवण सोडून भांडता ना? मग ऐकाच.

त्या जंगलाच्या मधोमध डोह. अल्याड एक कळप, पल्याड दुसरा. दर उन्हाळ्यात डोहासाठी झुंज व्हायची. दोन्ही बाजूंनी सहा-सहा गडी. रिंगणात एका वेळी एकेकच उतरायचा. दमला की त्याला मागे बोलवायचं, दुसरा पाठवायचा. ज्यांचे सगळे आडवे झाले, ते हरले. जिंकलेल्यांना पावसाळ्यापर्यंत डोह. हरलेल्यांनी डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जायचं. आणि निकाल लागेपर्यंत पाण्याला कुणीही तोंड लावायचं नाही. त्यात काही अवघड नव्हतं, कारण दुपारपर्यंत निकाल लागायचाच.

जंगलाचा राजा वाघ होता. पण तो दौऱ्यावर होता. राजे असतात.

अल्याडची टीम निवडायचे ते दोन शहाणे. एक रांगोजी रानडुक्कर. त्याचं म्हणणं, सगळे मारणारेच घ्या. दुसरा शुभ्रनाथ बगळा. त्याचं म्हणणं, सगळे सोसणारेच घ्या. शुभ्रनाथ स्वतः कधी रिंगणात उतरला नव्हता. म्हणूनच त्याला झुंजीतलं सगळं कळायचं.

मागच्या साली रांगोजीचं चाललं होतं. त्याने गवा, लांडगा, बिबट्या असे सहा दणकट गडी उतरवले. पल्याडच्यांनीही तसेच उतरवले. धूळ काय उडाली, विचारू नका! शेवटी पल्याडचा एक गडी कसाबसा उभा राहिला आणि आपण हरलो. पल्याडचे जिंकले खरे, पण त्यांचा निम्मा कळप पावसाळ्यापर्यंत लंगडत होता.

यंदा सभा भरली तेव्हा शुभ्रनाथ मान ताठ करून म्हणाला, "मारणारा दमतो. न मारणारा दमत नाही. आपण असे गडी घेऊ की समोरचा मारून मारून थकेल."

"आणि मग?" रांगोजीने विचारलं.

"मग काय? थकेल."

"अहो, पण त्याला आडवं कोण करणार?"

"रांगोजीराव, तुम्ही मागच्या वर्षी बोललात. आता बसा."

रांगोजी बसला. हरलेल्याला आपल्याकडे बसावंच लागतं.

निवड झाली. कासव. साळिंदर. अंगाचं वेटोळं करणारं खवले मांजर. भोकात शिरून फुगणारी घोरपड. शंखात दडणारी गोगलगाय. पाच झाले.

"सहावा?" सगळ्यांनी विचारलं.

शुभ्रनाथने पंखाने काठावरचा एक काळा धोंडा दाखवला.

"हा? हा तर दगड!" रांगोजी ओरडला.

"दमतो का?"

"नाही."

"पळून जातो का?"

"नाही, पण..."

"मग तुमच्यापेक्षा बरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दगडाला हार घातला. दगडाने तो अतिशय संयमाने स्वीकारला.

त्या गर्दीत मागे टिकली उभी होती. टिकली म्हणजे चितळाची मादी. तिचं पाडस नुकतंच उभं राहायला शिकलं होतं. मागच्या साली डोह गेला तेव्हा डोंगर चढताना तिचं आधीचं पाडस वाटेतच गेलं होतं. ती भीत भीत म्हणाली, "शुभ्रनाथकाका, झुंज लवकर संपेल ना? याला फार वेळ पाण्यावाचून तग धरवत नाही हो."

"टिकलीताई," बगळा मायेने म्हणाला, "आपण हरणार नाही, एवढं लक्षात ठेव."

झुंजीचा दिवस उजाडला. पल्याडचे आले. तेही मागच्या सालच्या माराला कंटाळलेले होते आणि शहाणे त्यांच्याकडेही होते. त्यांनीही कासव, साळिंदर, गोगलगाय अशीच मंडळी आणली होती.

रिंगणात दोन कासवं समोरासमोर आली. दोघांनी डोकी आत घेतली. दुपार झाली. डोकी आतच.

"वा! काय बचाव आहे!" अल्याडचे म्हणाले.

"आमचाही बघा की!" पल्याडचे म्हणाले.

मग गडी बदलले. वेटोळ्यासमोर वेटोळं आलं. शंखासमोर शंख आला. दिवस जाऊ लागले. पहाटेचं दव चाटून सगळे कसेबसे जगत होते. ऊन वाढलं, डोह खाली जाऊ लागला. शेवटी दोन्ही शहाण्यांनी हुकमी गडी बाहेर काढला. रिंगणात आपला दगड उतरला. समोर पल्याडचाही दगड.

बाळांनो, असा सामना जंगलाने कधी पाहिला नव्हता. माकडं झाडावरून समालोचन करत होती. "आपला दगड जास्त ठाम वाटतोय." "समोरचा किंचित दबावाखाली आहे."

खालच्या फांदीवरची पाखरं तहानेने पटापट पडत होती. पण सामना इतका रंगला होता की कुणाचं लक्ष जाईना.

शुभ्रनाथ मात्र डोहातच उभा असायचा. पाणी कुणी चोरत नाही ना, हे पाहायला कुणीतरी हवंच की! पाणी जसजसं आटलं तसतसे मासे वर आले, आणि बिचाऱ्याला देखरेख करता करता वजन आवरेना.

टिकलीचं पाडस आता उठत नव्हतं. तिने रांगोजीला गाठलं. "दादा, तुम्ही तरी काहीतरी करा. त्या दगडाला एक धडक द्या, संपवा हे."

रांगोजी कळवळून म्हणाला, "अगं, मी पहिल्यापासून हल्ल्याच्याच बाजूचा आहे. पण यंदा टीममध्ये नाही ना मी. नियम आहे."

टिकली पाडसाकडे परतली. मग पाडसाला नाकाने ढोसून ढोसून उभं केलं. दोन दगडांच्या मधून, भर रिंगणातून, ती त्याला घेऊन सरळ डोहावर गेली. पाडसाने पाण्यात तोंड घातलं.

मग शुभ्रनाथ चोचीतला मासा गिळून किंचाळला, "नियम मोडला!"

आणि काय सांगू! कासवाने डोकं बाहेर काढलं. खवले मांजराचं वेटोळं सुटलं. साळिंदराने काटे उभारले. रांगोजी तर सगळ्यांच्या पुढे. अल्याडचे, पल्याडचे, सगळे खांद्याला खांदा लावून टिकलीवर तुटून पडले. अख्ख्या उन्हाळ्यात कुणी कुणाला बोट लावलं नव्हतं. कासव धावलं, अहो, धावलं! मी थापा मारत नाही.

टिकलीने पाडसाला अंगाखाली घेऊन मार खाल्ला. पाठीत काटे घेऊन ती त्याच्यासकट जी पळाली, ती कुठल्याच जंगलात परत आली नाही. दोघं जगली म्हणतात. मला तर वाटतं, जगलीच असतील. दोन घोट पोटात गेले होते ना.

धूळ खाली बसली तेव्हा डोहात पाणी नव्हतं. एवढ्या खुरांनी त्याचा चिखल करून टाकला होता.

शुभ्रनाथ अभिमानाने म्हणाला, "पाहिलंत? उन्हाळाभर बचाव केला, म्हणून ऐन वेळी अंगात एवढा जोर राहिला!"

रांगोजी म्हणाला, "आणि हल्ल्यावाचून काही होत नाही, हे मी कधीपासून सांगतोय!"

दोघांनी कडकडून मिठी मारली. मग दोन्ही कळप रांगेत उभे राहून चिखल चाटू लागले. दगड अजून रिंगणातच आहेत. सामना चालू आहे.

तात्पर्य : चांगल्या टीमला बचावही यायला हवा आणि हल्लाही. बचाव करावा तो शत्रूसमोर. हल्ला करावा तो आपल्यातल्या तहानलेल्यावर. उचला आता मोबाइल.