पेंटरच्या घरचे पोपडे

लग्नाला नऊ दिवस उरले होते. मेकअपवाल्या बाई चाचणीसाठी घरी आल्या होत्या. त्यांनी मुलीच्या गालावर स्पंजने बेस टेकवला, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "बसत नाहीये."

"कोण बसत नाहीये?" मुलीच्या आईने दचकून विचारलं. महिनाभर तिच्या डोक्यात पाहुणे आणि खुर्च्या यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

"बेस हो. कातडी कोरडी ठणठणीत आहे. नाकाच्या बाजूला पोपडे, हनुवटीवर पोपडे. मी वर काहीही थापलं तरी दुपारपर्यंत भेगा पडणार."

स्वयंपाकघराच्या दाराशी चहा पीत उभ्या असलेल्या वडिलांनी कान टवकारले. ते तीस वर्षं लोकांची घरं रंगवत होते, आणि त्यांची बायको सोडून सगळे त्यांना पेंटर म्हणत. नट्टापट्टा हा विषय निघाला की ते एरवी चपला घालून बाहेर पडायचे. पण बेस, पोपडे आणि भेगा हे शब्द एका दमात कानावर पडल्यावर त्यांना राहवेना.

"प्रायमर मारला का?" त्यांनी आत येत विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "मारला."

"धरला नाही?"

"नाही ना."

"कसा धरेल? खालचं सुटलेलं काढलंच नाही तुम्ही. आधी बारीक पॉलिश पेपरने..."

"बाबा!" मुलगी किंचाळली.

"अगं, जाडा नाही म्हणत मी. एकदम मऊ नंबरचा."

"घासायचं नाव काढायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आदर तिथेच संपला. "कोमट पाण्याने तोंड धुवायचं. साबण बंद. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावायचं, दिवसातून तीनदा. नवीन प्रयोग एकही नको."

बाई गेल्या. पण तीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाचं बोलणं मुलीच्या मनात घर करून राहिलं होतं. खालचं सुटलेलं काढायला नको का? तिने संध्याकाळी न्हाणीघरात खरखरीत टॉवेल घेतला आणि वाटेल तसं तोंड घासलं. सकाळी उठली तेव्हा चेहरा इतका लाल झाला होता की आईला वाटलं, नवऱ्या मुलाने लग्न मोडलं आणि ही रात्रभर रडली.

बाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "कोणी घासायला सांगितलं?"

पेंटरने चपला घातल्या.

"आता फक्त गार पाणी आणि क्रीम," बाई फोनवर सांगत होत्या. "आणि हवा फार कोरडी आहे हो सध्या. रात्री उशाशी पाण्याचं एक भांडं ठेवा."

एक भांडं! पेंटर दारातून माघारी फिरले. आपल्यामुळे पोरीचं तोंड सोललं ही टोचणी होतीच, आणि अर्धवट काम करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या घरातल्या ओलीशी हाडवैर धरलं, त्याने त्या दिवशी स्वतःच्या घरात ओल आणायला घेतली. मुलगी बाहेरच्या खोलीत झोपायची, म्हणून तिथे पाच बादल्या भरून ठेवल्या. दोरी बांधून चार चादरी भिजवून टांगल्या. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं चढवलं. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, त्याही अशा सरळ की इंचभर इकडेतिकडे नाही. भिंतीतली ओल मोजायचं त्यांचं एक यंत्र होतं, ते पेंटर रोज सकाळी मुलीच्या कपाळाला लावायचे.

"कालपेक्षा दोन काटे पुढे!"

"बाबा, मी भिंत आहे का?"

"भिंत एवढी बडबड करत नाही. गाल दाखव."

आणि उपाय लागू पडला. चौथ्या दिवशी लाली गेली, पाचव्या दिवशी पोपडे गेले. सहाव्या दिवशी मुलगी आरशासमोरून हलेना. पेंटर तर असे छाती काढून फिरत होते की पोरीचा चेहरा त्यांनीच दोन हात मारून काढला असावा.

सातव्या दिवशी आईच्या चहात काहीतरी पडलं. साय असेल म्हणून तिने बोटाने उचललं. साय कडक होती.

"अहो," ती वर बघत म्हणाली, "ही भिंत आहे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरची खोली पेंटरने महिन्यापूर्वीच रंगवली होती. चौदा वर्षं बायको मागे लागली होती आणि चौदा वर्षं त्यांना दुसऱ्यांच्या भिंतींतून फुरसत नव्हती. पण नवऱ्या मुलाचे काका पडले बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी भिंतीवर टकटक करून बघायचे. लग्न ठरलं त्या दिवशी पेंटर भरात येऊन त्यांना म्हणाले होते, "माझा रंग दहा वर्षं हलत नाही." त्यावर काका म्हणाले होते, "अस्सं? लग्नाच्या दिवशी तुम्हा मंडळींना न्यायला मीच गाडी घेऊन येतो. बघू तरी."

आता सोफ्याच्या वरच्या भिंतीवर पुरीएवढे फुगे आले होते. पेंटरने एकाला बोट लावलं. तो फुटला आणि वीतभर रंग त्यांच्या मनगटावर लोंबू लागला.

"पोरीचे पोपडे गेले कुठे म्हणून मी विचारच करत होते," बायको म्हणाली. "हे काय, इथे राहायला आले."

पेंटरने चिकटपट्ट्या उपटल्या, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पंखा लावताच भिंतीचे तुकडे खोलीभर उडू लागले, म्हणून तो बंद केला. ओल्या भिंतीवर नवा हात मारणं म्हणजे शुद्ध पाप, हे ते स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. वाळवायची म्हटली तर निदान दोन दिवस खिडक्या सताड उघड्या हव्यात. तेवढा वेळ हातात होता.

तासाभराने मुलगी गालाला हात लावून आली. "बाबा, ओढल्यासारखं होतंय परत."

पेंटरने यंत्र लावलं. काटा मागे आला होता. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मग उठले, खिडक्या लावल्या आणि चादरी पुन्हा भिजवायला घेतल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाई आल्या, गालावरून बोट फिरवून थक्क झाल्या आणि कामाला लागल्या. बेस एका हातात बसला. कुठे भेग नाही, कुठे डाग नाही. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच मुलगी तयार. पेटी आवरत बाई बाहेरच्या खोलीत आल्या, तर सोफ्यावर पेंटर डोकं धरून बसलेले. नवा कोट घातलेला आणि हातात खरवडायचं पातं.

"काका वीस मिनिटांत येतायत," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "वरून एखादी चादर तरी टांगते म्हटलं, तर घरातली एकूण एक चादर ओली!"

बाईंनी भिंत पाहिली. जवळ गेल्या, मागे आल्या, डोळे बारीक केले.

"ते पातं खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "रंग कोणता?"

"सायीचा."

"आहे माझ्याकडे. मागच्या आठवड्यातल्या नवरीचा उरलाय. स्टूल आणा."

पेंटरने स्टूल आणलं, पेटी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं. बाईंनी सुटलेला एकेक पोपडा नकली पापण्या चिकटवायच्या डिंकाने जागेवर बसवला. फटी कन्सीलरने बुजवल्या. वरून स्पंजने टेकवत टेकवत रंग एकजीव केला. मध्येच न राहवून पेंटरने कडेला अंगठा लावला, तशी त्यांच्या हातावर ब्रशचा फटका बसला.

"टिपायचं. पुसायचं नाही."

"हो बाई."

शेवटी मोठ्या पफने पावडर मारली. ती खाली बसते न बसते तोच दार वाजलं.

काका आत आले. पाणी पुढे आलं, ते त्यांनी हातानेच थांबवलं आणि सरळ भिंतीकडे गेले. काकांनी चष्मा लावला. टकटक केली. बोट फिरवलं. मग चक्क वास घेतला.

"मखमल आहे हो," ते हळूच म्हणाले. "आणि वासही काय सुरेख! कुठला रंग म्हणायचा हा?"

पेंटरने बाईंकडे पाहिलं.

"बाहेरून मागवलाय," बाई म्हणाल्या. "यात उन्हापासून संरक्षण पण आहे."

"वा! आणि टिकतो किती?"

"आठ तास," बाई सवयीने बोलून गेल्या. "घाम आला नाही तर."

"वर्षं!" पेंटर ओरडले. "आठ वर्षं म्हणायचंय त्यांना!"

"लग्न ठरलं तेव्हा दहा म्हणाला होतात."

"आता खोटं कशाला बोला," पेंटर म्हणाले.

या प्रामाणिकपणावर काका भलतेच खूष झाले. त्यांनी तिथल्या तिथे आपला दिवाणखाना याच रंगात करायचं ठरवलं आणि समाधानाने मागे वळले. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर वीतभर साय लागली होती. ती कुणालाच दिसली नाही, म्हणजे तसं सगळ्यांनी ठरवलं.

खाली गाडी उभी होती. मुलगी पायरीवर थांबली, वळली आणि वडिलांकडे बघून तिचे डोळे भरले. एक थेंब डाव्या गालावरून निघाला. पेंटरचा हात आपोआप वर गेला.

"ओ, हात लावू नका!" जिन्यातून बाई ओरडल्या. "ओलं आहे अजून!"

पेंटर थबकले. हीच पाटी त्यांनी आजवर शेकडो दारांवर लावली होती. तरी प्रत्येक घरात कुणी ना कुणी बोट लावून बघायचंच, आणि ते त्या माणसाच्या अकलेचा मनसोक्त उद्धार करायचे.

त्यांनी हात लावला.

महिन्याने फोटो आले. प्रत्येक फोटोत, अगदी नवऱ्या मुलाशेजारीसुद्धा, मुलीच्या डाव्या गालावर अंगठ्याचा एक ठसा होता. फोटोवाला ओशाळून म्हणाला, "पेंटर, दोन दिवस द्या, कॉम्प्युटरवर साफ पुसून देतो."

"पुसायचं नाही," पेंटर म्हणाले. "कामावर सही असते ती."