करणारा गाढव आहे

उद्यापासून आपल्या भिंतीशी कुणी उभं राहून दाखवावंच, असं अंबादास कारकुनाने साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. मंगळवार पेठेत बोळाकडची त्याची भिंत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मुतारी करून टाकली होती. म्हणून त्याने डांबराने हात-हातभर अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. वर 'येथे लघवी', खाली 'करणारा गाढव आहे'. मग निश्चिंत मनाने तो दोन दिवस बहिणीकडे हातकणंगल्याला गेला.

वर्ष आणीबाणीचं. शहरातल्या भिंतींवर सरकारी घोषणा लिहायचं काम जोरात होतं. अंबादासच्या माघारी आकाराम रंगारी आला, त्याने भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाला पांढरा रंग फासला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'बोलणे कमी, काम जास्त'. खालपर्यंत रंग पुरला नाही. उरलेलं उद्या, म्हणून तो गेला.

अंबादास परतला तेव्हा बोळात वीस-पंचवीस माणसं ओठ दाबून उभी होती. त्याने मान वर करून वाचलं.

बोलणे कमी, काम जास्त
करणारा गाढव आहे

गेल्या महिन्यात कचेरीतला एक शिपाई चहाच्या गाड्यावर काहीबाही बोलला होता, तो अजून घरी आला नव्हता.

घरात फौजदार हंबीरराव बसलेच होते.

"अक्षर कुणाचं?"

"साहेब, वरचं माझं नाही."

"वरचं सरकारचं हाय. खालचं इचारतोय."

"खालचं... ते लघवीबद्दल आहे, साहेब."

"सरकारच्या कामाला लघवी म्हंता?"

अंबादासने हात जोडले. "मी सरकारी नोकर आहे हो."

"म्हंजे घरचाच भेदी." हंबीरराव हळू आवाजात बोलत होते, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "हे बघा, तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातंय. भितीवरचं न्हाय जात. आज एक वाचतोय, उद्या पन्नास, परवा दगडं पडत्यात. चला चौकीवर."

कालिंदी, अंबादासची बायको, दारात आली. "भाऊसाहेब, वरचा रंग पुसून बघा की. खाली 'येथे लघवी' निघतंय का न्हाय ते."

"अगं, सरकारी घोषणा पुसायची?" अंबादास कुजबुजला. "त्याची वेगळी शिक्षा असेल."

पण हंबीरराव माणूस न्यायाचा. बोळात येऊन त्यांनी ओलं फडकं मागितलं आणि एवढासा कोपरा पुसायचा म्हणून हात लावला. रंग कच्चा होता, सायीसारखा निघून आला. नेमका 'काम' हा शब्द गेला आणि त्या जागी खालचं डांबर उघडं पडलं. आता भिंतीवर होतं, 'बोलणे कमी, लघवी जास्त करणारा गाढव आहे'.

बोळात कुणीतरी फिसकलं. हंबीररावांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"कुणी काय बघिटलंय का?" त्यांनी विचारलं.

कुणीच काही बघितलेलं नव्हतं. क्षणात बोळ रिकामा झाला.

"कारकून," फौजदारांचा आवाज चिरका निघाला, "घरात चुना हाय?"

कालिंदीने चुना कालवला. फौजदारांनी टोपी काढून ठेवली, बाह्या सारल्या आणि अंबादास नि ते, दोघे भिंतीला भिडले. चुन्यातून डांबर पुन्हा पुन्हा वर येई. 'गाढव' तर तीन हातांनंतरही दिसतच होता. चौथा हात होतोय तोच बोळाच्या तोंडाशी जीप थांबली. घोषणांचं काम बघणारे साहेब उतरले.

"इथली घोषणा कुठाय?"

हंबीररावांनी कुंचल्यासकट सलाम ठोकला. चुना ओघळून भुवईवर आला. "साहेब, भितीवर आक्षेपार्ह मजकूर व्हता. पुसला."

"काय मजकूर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो मजकूर उच्चारायचा तरी कुणी?

"तोंडानं सांगण्यासारखा न्हवता, साहेब."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "शाब्बास. अशी माणसं पाहिजेत." त्यांनी वही काढली. "नावं सांगा."

हंबीररावांनी आपलं सांगितलं. मग साहेब अंबादासकडे वळले. अंबादासने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. भीतीने त्याला स्वतःचं नाव आठवेना.

शेवटी ते कालिंदीने दारातून सांगितलं, आडनावासकट. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिने तसं पहिल्यांदाच घेतलं, तेही उखाण्याशिवाय.